ज्याचं त्यानं मागायचं नाही

शाळेच्या खोलीत एकही मूल नव्हतं आणि तरी सर फळ्यावर काहीतरी काढत होते. पाठ माझ्याकडे होती. डावा हात कमरेवर, उजव्या हातात खडूचा तुकडा, इतका बारका की फळ्याला कमी आणि बोटांनाच जास्त लागत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले.

"मुलं नाहीत, सर. कुणाला शिकवताय?"

ते दचकले आणि सदऱ्याच्या बाहीनं घाईघाईनं फळा पुसू लागले. पण मला पाहायचं ते मी पाहिलं होतं. मधून एक वळणावळणाची रेघ, तिच्यावर पूल, पुलाखाली पायऱ्या, पायऱ्यांपासून वर चढत गेलेली एक गल्ली आणि गल्लीच्या टोकाला एक चौकोन. चौकोनाला दार होतं आणि दाराशी औदुंबराचं झाड.

"राजस्थानचा नकाशा," सर म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. "राजस्थानात पायऱ्यांची नदी आजच पाहिली."

ते हसले. "डोळा तिखट आहे तुमचा, गोदाबाई. हात आखडू नये म्हणून काढत होतो. भूगोलाच्या मास्तराला नकाशा काढल्याशिवाय चैन पडत नाही."

मेंढपाळांची मुलं केव्हाच आईबापांबरोबर कळप घेऊन चारा शोधायला गेली होती. दोन वर्षं पाऊस नव्हता. सरांनी तांब्यातलं दोन घोट पाणी घेतलं आणि उरलेलं परत दिलं. "हे बोरीच्या रोपाला घाला." मी खाली पाहिलं. त्यांच्या चपलांचे पट्टे उघडेच लोंबत होते. पाय सुजून एवढे झाले होते की पट्टा शेवटच्या भोकापर्यंतही पोचत नव्हता.

आदल्या दिवशी ते टाक्यापाशी पाणी ओढता ओढता कोसळले होते. मी एकटीच तिथे होते. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही. देव न मानणारा माणूस, पण शपथ मात्र गंगेची घातली. आम्ही नाशिककडचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. माझी आई गेली त्या वर्षी तिचेही पाय असेच सुजले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. त्यामुळे मला कुणी डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. हा माणूस इथून हलला नाही तर या वाळूतच जाणार होता.

हे सगळं आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या वर्षीचं.

आमच्या वस्तीचं नाव अंगण. बाडमेरच्या पुढे रस्ता संपून नुसती उंटगाड्यांची चाकोरी उरते, तिथे एका ठाकुरानं दान दिलेली जमीन होती. दान कसलं, वाळू होती. तिच्यात काही पिकत नव्हतं आणि तिच्यावरून कुणी भांडतही नव्हतं. प्रभाकर टिपणीस सर नाशिकच्या कॉलेजातली नोकरी सोडून वीसपंचवीस पोरापोरींना घेऊन तिथे गेले. लोक म्हणाले, मास्तराचं डोकं फिरलं; दाराशी गंगा सोडून वाळवंटात संसार मांडायला निघालाय. सर म्हणायचे, "जी जागा कुणालाच नको असते तिथेच नवीन काही मांडता येतं."

आणि मांडलं की हो. पावसाचं पाणी धरायला टाकं खोदलं, मातीची गोल घरं बांधली, सगळ्यांचा एकच स्वयंपाक. बोरी लावल्या, शेळ्या पाळल्या, माग घातला. आमची घोंगडी जोधपूरच्या बाजारात नावानं मागायचे. पेपरवाले येऊन फोटो काढून जायचे. कुणाचं काही नाही आणि सगळ्यांचं सगळं, असं हे तिथलं तत्त्व. मी त्या वेळी नाशिकला एका वसतिगृहात भाकऱ्या थापत होते. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला बाहेर काढलं. निफाडला भावाकडे गेले तर भावजयीनं उंबऱ्यातूनच चहा दिला आणि चहा संपल्यावर कप मागून घेतला. तेव्हा अंगणाचं ऐकून मी हिशेब केला की माझ्यापाशी काहीच नाही, म्हणजे या देवाणघेवाणीत आपलं नुकसान होण्यासारखं नाही. गेले. मेंढपाळांच्या बायका माझं नाव ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या. वाळवंटात गोदावरी आली म्हणून.

तर तिथे एक नियम होता. दर रविवारी ऊन उतरलं की सगळे खेजडीखाली बसायचे. खेजडी म्हणजे आपली शमी. ज्याला जे लागेल ते तिथे मागायचं, पण स्वतःसाठी नाही. मागायचं ते दुसऱ्यासाठीच.

"स्वतःसाठी हात पसरताना माणूस लाजतो," सर समजावून सांगायचे. "दुसऱ्यासाठी लाजत नाही. आणि दुसऱ्यासाठी मागायचं म्हणजे आधी त्याच्याकडे नीट बघावं लागतं."

मला वाटलं, शिकलेल्यांचा खेळ असेल. पहिल्याच रविवारी सर उठले आणि म्हणाले, "गोदाबाईंसाठी मागतो. त्यांच्या दाराला आतून कडी हवी."

सगळे चपापले. अंगणात कुठल्याच दाराला कडी नव्हती. तेच तर तत्त्व होतं. एक पोरगा म्हणालाही, "पण सर, हे आपल्या तत्त्वात बसत नाही."

"तत्त्व आपलं आहे," सर म्हणाले. "झोप त्यांची आहे. त्या आल्यापासून दाराला पाठ लावून बसून झोपतायत."

मी कुणाला बोलले नव्हते. त्यांनी पाहिलं होतं. हणमंत सुतारानं त्याच संध्याकाळी कडी बसवली. बाहेर काढल्यापासून मी पहिल्यांदा आडवी होऊन झोपले. त्या दिवसापासून ते माझं घर झालं. माहेर आणि सासर ही नुसती गावांची नावं उरली.

असे ते दिवस होते. मग पाऊस थांबला आणि गाडी उताराला लागली. भूक आली की माणूस नियमाला पळवाट काढतो. "तू माझ्यासाठी गूळ माग, मी तुझ्यासाठी साबण मागतो," असं भिंतीआड ठरायला लागलं. सोडून जायलाही दुसऱ्यानंच मागावं लागे. मग नवरा उठून म्हणायचा, हिची आई आजारी आहे, हिला जाऊ द्या. आणि पुढल्या रविवारी बायकोची मैत्रीण म्हणायची, ते एकटे किती दिवस काढतील, त्यांनाही जाऊ द्या. अशी जोडीजोडीनं माणसं गेली. जाताना रडायची सगळी, पण परत कुणी आलं नाही. शेवटी आम्ही चौघं उरलो. सर, हणमंत, मागावर बसणारी नलू खरे आणि मी.

आणि एक सांगायचं राहिलं. एवढ्या वर्षांत सरांसाठी कुणी काही मागितलं नव्हतं. त्यांना काही कमी आहे असं म्हणणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं, असंच आम्हाला वाटायचं.

फळ्यावरची ती नदी पाहून मी सरळ नलूकडे गेले. ती मागाशी बसली होती, पण लोकर संपली होती. नुसती बसली होती.

"नलू, खरं सांग. तुला इथं राहायचंय?"

"असं काय विचारतेस गं, गोदाताई?" ती पुण्याची, बोलणं नाजूक. "मला पुण्याला शाळेत नोकरी मिळतेय. बाबांनी कधीचं कळवलंय. पण हणमंतचं काय? त्याचा सगळा जीव या घरांत आहे. स्वतःच्या हातानं बांधलीयत त्यानं. मी गेले तर तो मोडून पडेल."

हणमंत शेळ्यांच्या कुडाला काट्या लावत होता. शेळ्या दोनच उरल्या होत्या. त्यालाही तेच विचारलं.

"मी व्हय?" तो म्हणाला. "अक्का, आत्ता म्हणशील तर आत्ता मिरजंची वाट धरतोय. आई म्हातारी झाली. पर नलूताईचा जीव त्या मागात हाय बग. बाईमाणसाला असं टाकून कसं जायचं? ती हाय तवर मी हाय."

मी डोक्याला हात लावला. दोघंही एकमेकांसाठी उपाशी राहत होती, आणि सांगायची चोरी होती, कारण सांगितलं की ते मागणंच व्हायचं. शहाण्यांच्या वस्तीतच असलं खूळ निघू शकतं. साध्या गावात कुणीतरी कधीच भांडून निघून गेला असता.

म्हणजे जायला सगळे तयार होते. राहायचं होतं ते फक्त मला.

हे कळलं तेव्हा मी टाक्याच्या कडेला जाऊन बसले. मी गप्प राहिले तर अंगण चालू राहणार, माझं दार राहणार, माझी कडी राहणार. आणि सर या वाळूत जाणार. मी तोंड उघडलं तर सर जगतील, आणि मी परत कुणाच्या तरी उंबऱ्यात चहाचा कप हातात घेऊन उभी. मला राग आला. सरांचाच आला. एवढं बघायला शिकवायचं कशाला माणसाला?

शनिवारी मी त्यांना सरळ गाठलं. ते बोरीच्या आळ्यातली वाळू हातानं काढत होते.

"सर, तुम्हाला घरी जायचंय का?"

"नियम ठाऊक आहे ना, गोदाबाई?"

"मागू नका. नुसतं उत्तर द्या."

"उत्तर दिलं की ते मागणंच झालं." त्यांनी हात झटकले, उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. "अंगण मोडायला एक माणूस पुरेसा आहे. तो माणूस मी व्हायचं नाही, एवढं मी ठरवलंय."

"कशासाठी पण? कुणासाठी? पोरं गेली, शाळा गेली, शेळ्यासुद्धा गेल्या."

ते माझ्या घराकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "कडी नीट लागते ना अजून? हणमंताला तेल घालायला सांगा. वाळूनं आखडते."

मला वाटलं, विषय बदलतायत. मी चिडून निघून आले.

रविवार उजाडला. मी सकाळी सगळं घर सारवलं. आपलं घर शेवटचं सारवतोय हे हाताला कळत होतं, तरी तोंडानं मी म्हणत होते, अजून काही ठरलं नाही. ऊन उतरलं. खेजडीखाली चौघं बसलो. पूर्वी जिथे तीन रांगा बसायच्या तिथे आम्ही एवढेसे दिसत होतो. लहानानं आधी मागायचं अशी पद्धत होती.

"हणमंतसाठी मागते," नलू म्हणाली. "त्याच्या भाकरीत थोडं तूप असावं. फार वाळलाय तो."

"नलूताईसाठी मागतो," हणमंत म्हणाला. "लोकर."

तूप कुठून येणार आणि लोकर कुठून येणार, हे दोघांनाही माहीत होतं. सरांनी मान हलवली. मग माझी पाळी.

मी उभी राहिले.

"सरांसाठी मागते."

तिघांनीही मान वर केली.

"काय?" सरांनी विचारलं.

"नाशिक."

हणमंत आणि नलूनं सरांकडे पाहिलं.

"सरांसाठी नाशिक मागते," मी परत म्हटलं. "गंगा मागते. पायऱ्या, पायऱ्यांवरची ती गल्ली, दाराशी औदुंबर असलेलं त्यांचं घर. आणि एक डॉक्टर."

"गोदाबाई, खाली बसा."

"मागणाऱ्याला खाली बसवायची सोय नियमात नाही, सर. तुमचाच नियम आहे." मग मी शपथ मोडली. टाक्यापाशी कोसळले ते सांगितलं. पाय सांगितले. माझी आई कशी गेली तेही सांगितलं. नदीच्या नावाची शपथ होती, पण नाव माझंही तेच आहे. माझं मी बघून घेईन म्हटलं.

हणमंत पुढे सरकला. त्यानं सरांचा पाय दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं दाबला, आणि तो खड्डा बघून लहान पोरासारखा रडायला लागला. "आमी रोज बरूबर बसतोय, सर. रोज! आन आमाला दिसलं न्हाई?"

नलूनं डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "माझं मागणं मी बदलते. तूप नको. हणमंतसाठी मिरज मागते."

हणमंत रडता रडता थांबला. तिच्याकडे बघतच राहिला. "आं? मग मीबी बदलतो की. नलूताईसाठी पुणं!"

"अरे, मग आधी का नाही म्हणालास?"

"तू का न्हाई म्हनलीस?"

आणि आम्ही हसायला लागलो. एवढं हसलो की राहिलेल्या दोन शेळ्या कुडाकडे पळाल्या. सरही हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते.

मग हसणं संपलं. सरांचं मागायचं राहिलं होतं. ते झाडाला धरून उठले.

"गोदाबाईंसाठी," ते म्हणाले आणि थांबले. "यांना काय हवं ते मला माहीत आहे. यांना अंगण हवंय. जाणाऱ्या प्रत्येकाला कुठलं ना कुठलं घर होतं. यांना नव्हतं. तेव्हा मी ठरवलं होतं की हे एक मागणं कधी मागावंच लागू द्यायचं नाही. जमेल तितके दिवस परस्पर देत राहायचं." "आता माझ्याजवळ ते उरलं नाही. म्हणून मी आज काहीच मागत नाही. दुसरं काही मागणं म्हणजे तुमची थट्टा होईल."

शनिवारी सरांनी कडीचं का विचारलं ते तेव्हा मला कळलं. मी ज्या माणसासाठी माझं घर सोडायला निघाले होते, तो माणूस माझ्याच घरासाठी पाय सुजवून वाळूत उभा होता. मला जन्मात कुणी उठून पाण्याचा पेला दिला नव्हता. मला रडूही येईना. मी एवढंच म्हणू शकले, "सर, बसा. उभं राहू नका."

हणमंत उठला. थोड्या वेळानं पेचकस घेऊन माझ्या दारापाशी दिसला. जाताना अंगणातलं कुणी काही न्यायचं नाही, सगळं मेंढपाळांसाठी ठेवायचं, असं पूर्वीच ठरलेलं होतं. त्यानं कडी काढली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"नियमात बसत नसंल तर नसू दे," तो म्हणाला.

उंटगाडीनं स्टेशन गाठलं आणि तिथून आम्ही आपापल्या वाटेनं गेलो.

मला नाशिकला वसतिगृहात माझं जुनं काम मिळालं. जिन्याखालची एक खोली मिळाली. कडी मीच बसवली, थोडी तिरपीच बसली. सरांच्या पायांची सूज उतरायला पावसाळा लागला, पण उतरली. डॉक्टरांनी मीठ तोडलं. त्यानंतर सर बरीच वर्षं जगले, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

दर रविवारी ऊन उतरलं की आम्ही गंगेवर भेटायचो. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला भेळभत्त्याची एक गाडी लागायची. तिथेही आम्ही नियम मोडला नाही. सर म्हणायचे, "बाईंना एक द्या. कांदा कमी, मिरची जास्त." मी म्हणायची, "सरांना एक. मीठ नको, शेवही नको." सर तोंड वाकडं करायचे. "मी तुमच्यासाठी तुम्हाला आवडतं ते मागतो आणि तुम्ही माझ्यासाठी पथ्य मागता." गाडीवाला हसायचा. त्याला वाटायचं, म्हाताऱ्यांची गंमत आहे.

एका थंडीत सर गेले. झोपेत गेले, औदुंबराच्या घरात. हणमंत मिरजेहून आला होता, नलू पुण्याहून आली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं गंगेवर गेले आणि सवयीनंच गाडीपाशी उभी राहिले. गाडीवाल्यानं विचारलं, "बाई, काय देऊ?"

मला बोलताच येईना. भेळभत्ता मला हवा होता, चांगली भूक लागली होती, पण तोंडातून शब्द निघेना. एवढ्या वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ते कसं करतात तेच विसरले होते. मागून लोक यायला लागले. परत जावं म्हणून मी वळले.

"अहो, विचारता काय त्यांना?" गाडीमागून बाईचा आवाज आला. गाडीवाल्याची बायको. ती नेहमी मागे उभी राहून कांदा चिरायची. मी तिला कितीदा पाहिलं होतं, पण पाहिलं असं म्हणता येणार नाही. "त्यांना द्या की एक. कांदा कमी, मिरची जास्त."

पुडा हातात आला. मी तो तिथेच उभी राहून खाल्ला. मिरची खरोखरच जास्त होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कुणाला काही वाटलं नाही. खाता खाता मी त्या बाईकडे बघत होते. ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती, परत पहिल्यावर घेत होती.

पुडा संपला. मी कागद चुरगळला आणि गाडीवाल्याला म्हटलं, "दादा, यांच्यासाठी एक मागू का?"

"काय, बाई?"

"यांना बसायला एक स्टूल आणा. इतकी वर्षं उभ्यानंच कांदा चिरतायत."

त्यानं चकित होऊन मागे बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून कांदा चिरत राहिली.

पुढल्या रविवारी गाडीमागे स्टूल होतं.